न जुळलेला मजकूर

आमच्या भागातल्या जमिनीच्या जुन्या कागदांत ‘भू.क्र. ४५ पैकी’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं ‘पैकी’ गळालं की एखाद्याचा दीड एकराचा तुकडा अख्खा भूमापन क्रमांक होऊन बसतो. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात राहून मी अशा टंकलिखित नोंदी एक्सएमएलमध्ये बसवतो. मौजा (गाव), प.ह.नं. (पटवारी हलका नंबर), आराजी (क्षेत्र) अमुक हे.आर अशा ओळींतून प्रत्येक गोष्ट वेगळी काढायची, तर रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे मजकूर शोधण्याच्या नमुन्याला, पर्याय नाही. पण नमुना लिहिताना माझं लक्ष जुळणाऱ्या मजकुरापेक्षा न जुळणाऱ्याकडे जास्त असतं.

एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी भाषेच्या १९९९च्या पहिल्या आवृत्तीत हे नमुने नव्हतेच. अमुक चिन्हाच्या आधीचं कापा, नंतरचं कापा, मग उरलेल्यावर पुन्हा तेच टेम्प्लेट चालवा, असा खटाटोप असे. मायकेल के यांनी संपादित केलेली दुसरी आवृत्ती २३ जानेवारी २००७ रोजी प्रमाण ठरली आणि तिच्यात ‘अ‍ॅनलाइझ-स्ट्रिंग’ ही सूचना आली. तिला दोन भाग असतात: जुळलेल्याचं काय करायचं आणि न जुळलेल्याचं काय. दुसरा भाग लिहिलाच नाही, तर न जुळलेला मजकूर सरळ टाकून दिला जातो. चूक दाखवणारा संदेशही येत नाही. म्हणून मी तो भाग आधी लिहितो. जे कशातच बसलं नाही ते ‘शिल्लक’ या घटकात जातं, आणि काम तपासायला मी तिथूनच सुरुवात करतो.

असे गुपचूप घात आणखीही आहेत. ‘चार अंक’ सांगणारा महिरपी कंस या सूचनेच्या नमुन्यात दुहेरी लिहावा लागतो. एकेरी लिहिला, तर त्याचा अर्थ ‘एक अंक आणि पुढे ४’ असा होतो, आणि साल शोधणारा नमुना निमूटपणे भलतंच शोधत राहतो.

‘१२/३/७४’ ही तारीख की पोटहिश्शाचा क्रमांक? फक्त अंक बघून सांगता येत नाही. आधी ‘दि.’ आहे की ‘भू.क्र.’ हे पाहावं लागतं. इथल्या नमुन्यांना मागे डोकावण्याची सोय नाही, त्यामुळे तो आधीचा शब्दही गटात पकडायचा आणि बाहेर काढताना जागच्या जागी परत ठेवायचा. अंकांचा नमुना देवनागरी अंक ओळखतो, ही मोठी सोय. मात्र ‘१९७४’ची संख्या करायला गेलं की गाडी अडते, आधी अंक बदलून घ्यावे लागतात. मूळ लिखाण मी शेजारी जसंच्या तसं ठेवतो.

‘झऱ्याच्या पश्चिमेस’ हे शब्द मला फार शिकवून गेले. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टंकला जातो, आणि त्यातल्या एकीत एक अदृश्य जोडचिन्ह असतं. शब्दातल्या अक्षरांचा नमुना ते चिन्ह शब्दात धरत नाही, आणि झरा मधोमध तुटतो. तेव्हापासून नमुना चालवण्याआधी दोन्ही रूपं एक करणं हे माझं पहिलं पाऊल आहे.

तपासणीचं वेगळंच. एक्सएमएलची रचना तपासणाऱ्या स्कीमामधला नमुना संपूर्ण मूल्याला लागतो, तर ‘मॅचेस’ या फंक्शनला कुठलाही एक तुकडा जुळला तरी पुरतो. फक्त अंकांचा तोच नमुना ‘४५ पैकी’ला एकीकडे नाकारतो, दुसरीकडे पास करतो. मला नाकारणं पसंत आहे, कारण त्यामुळे माणसाची नजर तिथे पडते. पण आजच्या जिल्ह्यांची यादी लावून ‘जिल्हा चांदा’ नाकारणं हा अन्याय आहे. चांदा हे चंद्रपूरचं जुनं नाव, आणि त्यातून निघालेला गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२चा. त्याआधीच्या कागदावर तो नसणारच. इथे नमुना पुरत नाही, नोंदीच्या तारखेशी तुलना लिहावी लागते.

शिलकीत सर्वांत जास्त येतं ते चतुःसीमेचं वर्णन: पूर्वेस नाला, दक्षिणेस मोहाची झाडं, उत्तरेस गुरं जाण्याची वाट. त्यांना साचा नाही. पण अशा ओळीही मोलाच्या ठरू शकतात: २००६च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करताना गावं गॅझेटियर आणि निस्ताराच्या (गावाच्या जंगलवापराच्या) जुन्या नोंदी पुरावा म्हणून देतात, आणि गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा असा हक्क मिळाला. म्हणून चतुःसीमेच्या ओळींवर मी नमुना चालवत नाही. ‘चतुःसीमा’ नावाचा एक घटक करतो, ओळ आत अखंड ठेवतो आणि कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावरून घेतली ते लिहितो.