22 फुटांचं रान

शेताची वाटणी मातीवरून ठरत नाही, सडकेवरून ठरते. प्रत्येक भावाला सडकेचं तोंड हवं, ओढ्याकडची काळी हवी, आणि वरचं मुरमाड एकट्याच्याच गळ्यात नको. मागणी रास्तच आहे. म्हणून चार एकरांचं सलग रान सडकेपासून ओढ्यापर्यंत उभं चिरतात. एकेकाला एकर : 66 फूट रुंद, 660 फूट लांब. पुढच्या पिढीत त्या एकराला तीन धनी होतात आणि रुंदी उरते 22 फूट. त्यातूनच बांध काढायचे. अशा पट्टीत ट्रॅक्टर वळवायचा तर शेजारच्या उभ्या ज्वारीत चाक जातंच. कुणावर अन्याय नको म्हणून केलेली वाटणी; अन्याय झाला तो रानावर.

असे तुकडे पडू नयेत म्हणून 1947 साली तुकडेबंदीचा कायदा आला. लोकांनी सातबारा सामाईक ठेवला आणि रान तोंडी वाटून घेतलं. कागदावर एकोपा, शिवारात बांध.

बांधही जागेवर राहत नाही. नांगरताना फाळ जरा आत दाबला की चार बोटं माती आपल्याकडे येते. याला बांध कोरणं म्हणतात. कोरणारा हे कधी कबूल करत नाही, पण हद्दीचा दगड कलला की सगळ्या गावाला कळतं. मग मोजणीचा अर्ज, मग तारखा. जाणाऱ्या मातीपेक्षा वकिलाची फी जास्त, हे दोघांनाही ठाऊक असतं.

विहीर मात्र चिरता येत नाही. तिचे आणे पडतात : कुणाचा चार आणे हिस्सा, कुणाचा दोन आणे. 1957 साली दशमान नाणी आली, आणा व्यवहारातून गेला. विहिरीत तो अजून चालतो. पाणी वारांवर वाटलेलं असतं. आपल्या पाळीला लाईटच आली नाही, तर पाळी बुडाली की पुढे सरकली, हा प्रश्न कुठल्याही पंचाला सुटलेला नाही.

भावाभावांत इंचाचा हिशेब करणारे हेच लोक बहिणीला साडीचोळीवर वाटेला लावतात. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा कायदा 1994 साली केला, 2005 मध्ये तो देशभर झाला. तरी हक्कसोडपत्रावर सह्या होतच आहेत. बायांनो, सही करण्याआधी निदान सातबारा मागून वाचा.