कोयता गेल्यावरची ग्रामसभा

2022च्या डिसेंबरात आमच्या गावची विकास आराखड्याची ग्रामसभा बोलावली होती. शिरूर कासार तालुक्यातलं हे गाव. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, म्हणजे कोयते, सांगली, कोल्हापूर, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर ऊसतोडीला जातात, ती थेट हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परततात. सभेला आले ते म्हातारेकोतारे, चार दुकानदार आणि आम्ही ग्रामपंचायत सदस्य. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांतला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढेही जमले नाहीत. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून पुढच्या बैठकीत गावाचा वर्षभराचा आराखडा मंजूर झाला.

त्याच रात्री फडावरून जाऊबाईचा फोन आला. "ताई, सभेत आमच्या पोरांचं काही निघालं का?" निघालं नव्हतं. काढणारंच कोणी नव्हतं.

पंचायतींचे आराखडे करायची केंद्राची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते. देशभर एकच वेळापत्रक. आणि नेमका तोच काळ आमच्या माणसांचा गाव सोडायचा. 73व्या घटनादुरुस्तीनं 1993पासून ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली, पंचायतींसाठी 29 विषयांची यादी आली. पण ज्यांच्यासाठी ही सभा, ते उसात असताना तिचा अधिकार वापरणार कोण?

पुढच्या वर्षी मी सरपंचांच्या मागे लागले. जादा ग्रामसभा बोलावता येते, कायद्यात तशी सोय आहे. पोळा झाल्यावर दवंडी दिली. आधी महिला सभा घेतली, आणि पार भरून गेला. बायकांनी रस्ता, गटार काहीच मागितलं नाही. आजीजवळ राहणाऱ्या पोरांना संध्याकाळी बसायला उजेडाची खोली आणि दोन वेळचं गरम जेवण हवं होतं. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण आमच्याकडं ते सुरू होईस्तोवर निम्मा हंगाम सरतो. ठराव लिहिला, डिसेंबरातल्या सभेत वाचून आराखड्यात घातला.

मग ग्रामसेवक भाऊसाहेबांनी हिशेब मांडला. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेला 40 टक्के अबंधित. त्यातून खोली दुरुस्त होईल, पण पगार देता येत नाही. म्हणजे भाकरी थापणाऱ्या बाईला द्यायला पैसे नाहीत. पाण्यासाठी पैसा राखून ठेवला, हे आमच्या आष्टी-पाटोद्याच्या दुष्काळी पट्ट्यात कुणी चूक म्हणणार नाही. दिल्लीनं पैशाचा हिशेब मागावा, जरूर मागावा. पण मोकळा म्हणून दिलेल्या पैशातही पोरांना कुणी जेवू घालायचं हे गावाला ठरवता येऊ नये, हे मला पटत नाही.

खोलीला पत्रे आणि वीज आली. बाईचा मेहनताना आम्ही घरपट्टीच्या वसुलीतून देतो. ती वसुली ज्यांच्याकडून व्हायची, त्यातली निम्मी घरं गुढीपाडव्यापर्यंत बंदच असतात.