साथीला मुलगा

ड्रम वाजवणारा स्वतःच्या नावावर अल्बम काढतो तेव्हा बहुधा आधी हाताची तयारी दाखवतो. वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या मागे बसलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. त्रिलोक गुर्टूंचा ‘उस्फ्रेट’ हा पहिला अल्बम १९८८ साली जर्मनीतल्या सीएमपी कंपनीने काढला. त्यात वाजवायला आलेली मंडळी मोठी होती. ट्रंपेटवर डॉन चेरी, गिटारवर राल्फ टाउनर, व्हायोलिनवर एल. शंकर, बेसवर योनास हेलबोर्ग. पण या पंगतीत पहिलं पान वाढलंय ते आईला. पहिल्याच रचनेत त्यांच्या आईचा, ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचा आवाज आहे आणि रचनेचं नाव आहे ‘शोभारॉक’.

नव्वदीच्या सुरुवातीला, नाशिकला कॉलेजात असताना, मुंबईच्या मित्राने मला हा अल्बम कॅसेटवर भरून दिला. वर बॉलपेनने नुसतं ‘गुर्टू’ लिहिलेलं. नाशिकच्या पोराचे कान ढोलावर तयार होतात. वाकडी बारवेपासून विसर्जन मिरवणूक निघाली की ढोल आधी छातीत वाजतो, मग कानात. हा ढोल इतका दूरवर पोचलाय की केरळातली पथकंही त्याला नाशिकच्याच नावाने ओळखतात. मला तोवर ताल म्हणजे तो दणका एवढंच ठाऊक होतं, आणि या कॅसेटमध्येही मी तोच शोधत होतो.

आई पलीकडे गहू निवडत बसली होती. सुपातला हात थांबला.

“अरे, या शोभाताई ना?”

“हो.”

“आणि मागे वाजवतंय कोण?”

“त्यांचा मुलगा.”

“मग परत लाव. पहिल्यापासून.”

आईचं ऐकणं रेडिओवरचं. ठुमरी-दादरा ती मन लावून ऐके. ड्रमचा तिला जाच व्हायचा. या वेळी मात्र ती सूप बाजूला ठेवून टेपरेकॉर्डरपाशी आली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाली, “बाई आपल्या चालीनेच गातायत. सांभाळून घेतोय तो.” मी एव्हाना हाताच्या वेगाने भारावून गेलो होतो; सांभाळून घेणं ही सुद्धा तयारीच असते, हे माझ्या ध्यानात आलं ते आईच्या त्या वाक्यामुळे. डॉन चेरी कोण, याची तिने कधी चौकशी केली नाही.

त्या घराण्यात हे आलं कुठून, ते मी पुढे शोधत गेलो. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकलेल्या. सासरे नारायणनाथ गुर्टू बेळगावला पोलिस खात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि सतारही वाजवणारे. अशा घरात १९५१ साली जन्मलेल्या त्रिलोकने शाह अब्दुल करीम यांच्याकडे तबल्याचे धडे घेतले. रेकॉर्डिंगमध्ये एकावर एक ट्रॅक चढवता येतात हे पाश्चात्त्य संगीत शिकताना ठाऊकच नसल्याने, जे अनेक वेळा वाजवून जुळवलेलं असे ते सगळं एकट्याने वाजवायचा प्रयत्न करत राहिलो, असं त्यांनी जिमी हेंड्रिक्सवरच्या एका कार्यक्रमात सांगितलं आहे. मला ही हकिकत फार आवडते. पुढे स्टूल टाळून, जमिनीलगत अर्धवट गुडघ्यावर बसून, शेजारी तबला आणि पाण्याची बादली ठेवून वाजवायची त्यांची बैठक जगाने पाहिली. जॉन मॅक्लॉफ्लिनबरोबरच्या त्रयीत तर ते हात थांबवून तोंडाने बोल म्हणू लागत.

नोकरी लागल्यावर सीडी घेतल्या. ‘क्रेझी सेंट्स’मध्ये जो झाविनुल आणि पॅट मेथेनी आहेत, पण तिथेही शोभाताई आहेतच. २००४ मध्ये ‘ब्रोकन रिदम्स’ आला. त्यात गॅरी मूरसारखा पक्का रॉक गिटारवादक आणि तुवा प्रांतातले घशातून गाणारे गायक एकत्र बसलेत. त्याच वर्षी सप्टेंबरात शोभाताई गेल्या. सकाळी पेपर वाचून आईने मला हाक मारली आणि ‘शोभारॉक’ लावायला सांगितलं. ठुमरीच्या इतक्या रेकॉर्ड घरात असताना तिने हेच मागितलं.

आता माझी मुलगी ड्रम शिकते. गुर्टूंची बादली तिने व्हिडिओत पाहिली आणि देवघरातलं ताम्हण उचललं. दोरीला टांगून काठीने ठोका द्यायचा आणि नाद चालू असतानाच ते पाण्यात उतरवायचं. पाण्याचा भार पत्र्याला येतो, तो सावकाश थरथरतो, आणि सूर घसरत खाली येतो. एखाद्या मींडेसारखा. आजीने पूजेचं ताम्हण काढून घेतलं, पण एकदा स्वतः ठोका देऊन पाहिल्यावरच.

मग आम्ही भांडीबाजारात गेलो. तांब्यापितळेची परातीपासून पळीपर्यंत सगळी रास समोर. क्लासच्या कार्यक्रमात तिला एका मुलीच्या दादऱ्यामागे वाजवायचंय. दुकानदाराने कौतुकाने सर्वांत मोठी, खणखणीत परात पुढे केली. तिने बोटाने टिचकी मारली, कान जवळ नेला, आणि ती परत सरकवली.

“ही नको, काका. गाणारीच्या अंगावर जाईल.”