केळापुरास केव्हां जावें?

प्रवासास कोठें जावें ह्याची वाटाघाट प्रत्येक घरीं होते. केव्हां जावें हा प्रश्न मात्र सुट्यांच्या कागदावर आपोआप सुटलेला आहे, असें आपण धरून चालतों. आमच्याहि घरीं असेंच चालत आलेलें होतें. ह्या समजुतीचें प्रायश्चित्त आम्हांस एका मे महिन्यांत केळापुरास घ्यावें लागलें. आणि त्याचा मोठा वांटा आमच्या एक्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंच्या माथीं आला. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्या वर्षीं आमच्या पुण्याच्या घरांत दोन प्रवासांचे बेत एकाच वेळीं शिजत होते. धाकटा पुतण्या व सूनबाई ह्यांना रोम पाहावयाचें होतें. रजा मोजकी आणि खर्च मोठा. तेव्हां महिना चुकूं नये म्हणून रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं पुतण्या वही उघडून बसे. असे पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांत आमच्याहि ज्ञानांत पुष्कळ भर पडली.

इटली, ग्रीस, स्पेन ह्या भूमध्यसमुद्राकांठच्या देशांत उन्हाळा कोरडा असतो व पाऊस मुख्यतः थंडीच्या दिवसांत पडतो. उन्हाळ्यांत अधिक दाबाच्या हवेचा पट्टा उत्तरेकडे सरकून त्या प्रदेशावर ठाण मांडतो, त्यामुळें ढग जमत नाहींत. हिंवाळ्यांत तोच पट्टा दक्षिणेस उतरला म्हणजे अटलांटिक महासागरावरून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यांस वाट मोकळी होते व ते पाऊस घेऊन येतात. आपल्याकडे जे महिने छत्रीचे, ते तेथें उन्हाच्या टोपीचे. सिसिली बेटांत ११ ऑगस्ट २०२१ रोजीं ४८.८ अंश सेल्सिअस उष्णता मोजली गेली. जुलै २०२३ मध्यें अथेन्सचें ॲक्रॉपॉलिस भर दुपारचे कांहीं तास प्रवाशांस बंद ठेवावें लागलें. १५ ऑगस्टच्या ‘फेर्रागोस्तो’ सणाच्या सुमारास तर खुद्द रोमचे रहिवासी शहर सोडून समुद्राकडे किंवा डोंगरांकडे जातात. उलट हिंवाळ्याच्या तोंडीं जावें, तर व्हेनिसच्या चौकांत भरतीचें पाणी चढण्याचे ते दिवस. १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं तें १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलें होतें. शिवाय रोम बेचाळीसाव्या अक्षांशावर असल्यामुळें जूनमधील दिवस पंधरा तासांचा, तर डिसेंबरमधील जेमतेम नऊ तासांचा. ईस्टरच्या सप्ताहांत यात्रेकरूंची दाटी, ती निराळीच.

ज्या बाईंच्या घरीं उतरावयाचें होतें त्यांनाहि पुतण्यानें पत्र घालून विचारलें. त्यांचें उत्तर एका ओळीचें होतें : ऑगस्टमध्यें येऊं नका, त्या महिन्यांत मी स्वतःच येथें नसतें. अखेर ईस्टरनंतरचा एप्रिल व मे, अथवा सप्टेंबरचा उत्तरार्ध व ऑक्टोबर, असे दोनच काल उत्तम ठरले. एप्रिलच्या अखेरीस जोडपें गेलें आणि कुरकुरीचा एक शब्दहि न काढतां परत आलें.

दुसरा बेत आत्याबाईंचा. त्यांना केळापूरच्या जगदंबेची ओटी भरावयाची होती. ‘‘आतां एकदां देवीला भेटून येऊं द्या, मग माझें मागणें नाहीं,’’ असें त्या संक्रांतीपासून म्हणत होत्या.

केळापूर पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर, नागपूरपासून सुमारें दीडशें किलोमीटरांवर, यवतमाळ जिल्ह्यांतील पांढरकवडा हें गांव आहे. तालुका केळापूर नांवाचा, पण कचेऱ्या व बाजारपेठ पांढरकवड्यास. खुद्द केळापूर हें जवळचेंच लहानसें गांव, जगदंबेच्या देवळामुळें प्रसिद्ध. आणखी दक्षिणेस गेलें कीं पैनगंगा लागते व पलीकडे तेलंगण. काळी जमीन, कपाशी आणि सागाचें जंगल असा हा मुलूख. इतिहासांत त्याचें नांव येतें तें दुःखाच्या प्रसंगानें : दुसऱ्या बाजीरावाच्या धांवपळीच्या शेवटच्या दिवसांत, इ. स. १८१८ च्या एप्रिलांत, त्याच्या सैन्याचा कर्नल ॲडम्सनें ह्याच भागांत मोड केला. आमचें मूळ घर पांढरकवड्यास. तेथें आमचे थोरले चुलतबंधु व वहिनी राहतात.

हा बेत ठरण्यास किती वेळ लागला म्हणाल, तर एक मिनिट. मुलांना सुटी मे महिन्यांत, म्हणून मे. कोणीं वही उघडली नाहीं, कीं कोणीं वहिनींना विचारलें नाहीं. ‘अमक्या तारखेस अकराजण येतों’ एवढेंच कळविलें. मुलांना तर मे महिनाच हवा होता. पांढरकवड्यालगत टिपेश्वरचें अभयारण्य आहे, १४८.६३ चौरस किलोमीटरांचें हें जंगल इ. स. १९९७ मध्यें राखीव झालें. उन्हाळ्यांत ओढे आटले म्हणजे वाघ उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येतात व झाडें निष्पर्ण असल्यानें सहज दिसतात, हें मुलांनीं कोठेंसें वाचलें होतें. तें खरेंहि आहे.

नागपुरास गाडी उशिरां पोहोंचली. हिंगणघाट मागें पडतांना दुपार झाली होती. मोटारीच्या कांचेस हात लावला तर चटका बसे. विदर्भांतील शाळा जूनमध्यें राज्याच्या इतर भागांतील शाळांच्या मागून कां उघडतात, तें आम्हांस त्या दुपारीं पुस्तकाशिवाय समजलें. मे महिन्यांत ह्या जिल्ह्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. आणि सावली म्हणावी तर सागाला उन्हाळ्यांत पान नसतें. ज्या महिन्यांत सावली हवी, नेमक्या त्याच महिन्यांत हें झाड हात वर करून उघडें उभें असतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं लवकर देवळांत जावें, असें वहिनींनीं सुचविलें. परंतु मुलांची जंगलची फेरी सकाळची ठरलेली होती व सर्वांनीं मिळून दर्शन घ्यावें असा आमचा आग्रह. निघेपर्यंत साडेअकरा झाले. आत्याबाईंचा त्या दिवशीं उपास होता. अनवाणी चालत त्या देवळापर्यंत आल्या, आणि गाभाऱ्यापाशीं पोहोंचण्यापूर्वींच त्यांच्या हातांतील ओटीचें ताट कलंडलें. आम्हीं धरलें म्हणून डोकें दगडावर आपटलें नाहीं. अंग निखाऱ्यासारखें तापलेलें, घाम मुळींच नाहीं, आणि तोंडांतून निघणारे शब्द आम्हांस कळत नव्हते. डॉक्टरांनीं थंड पाण्याच्या पट्ट्या, बर्फ, शिरेंतून सलाईन, सर्व कांहीं केलें. ‘‘अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतें,’’ एवढेंच ते म्हणाले. तिसऱ्या दिवशीं आत्याबाई उठून बसल्या. पहिला प्रश्न त्यांनीं केला तो ओटीचा. खण व नारळ तसाच पिशवींत होता.

त्या तीन दिवसांत आणखी एक गोष्ट दिसली, ती येथें लिहितांना संकोच वाटतो. अंगणांतील विहिरीचें पाणी अगदीं तळाशीं गेलेलें होतें. पहाटे चार वाजतां वहिनी उठत व रात्रभरांत साठलेलें पाणी उपसून आम्हां अकराजणांच्या स्नानाची तजवीज करीत. त्यांची स्वतःची दोन तुळशीचीं झाडें वाळलीं होतीं. दादांनीं किंवा वहिनींनीं चकार शब्द काढला नाहीं. पाहुण्यांस पाणी मोजून देण्याची आपल्याकडे रीत नाहीं. पण न मोजतां दिलेलें पाणीहि कोठून तरी येतच असतें.

निघण्याच्या आदल्या रात्रीं अंगणांत खाटा टाकून बसलों असतां पुतण्यानें रोमच्या वहीची हकीकत मोठ्या रंगांत सांगितली. वहिनी सुपारी कातरीत होत्या. अडकित्ता थांबवून त्या म्हणाल्या, ‘‘भाऊजी, रोमच्या बाईला पत्र घालून विचारलेंत, ऑगस्टांत येऊं का म्हणून. मला विचारलें असतें, तर मींहि सांगितलें असतें.’’

त्यांत राग नव्हता. म्हणूनच तें अधिक लागलें. मग आम्हींच विनंति केली कीं, आतां तरी सांगा. वहिनींनीं त्या रात्रीं आपल्या मुलखाचें जें पंचांग सांगितलें, तें पुतण्यानें त्याच वहींत उतरून घेतलें. त्याचा सारांश असा :

मृगाचा पाऊस पडला कीं हा मुलूख ओळखूं येत नाहीं. श्रावणाच्या सुमारास त्याच उघड्या सागावर पांढरे तुरे डोलतात. डोळ्यांस हा काल सर्वांत सुंदर. परंतु जंगल पावसाळ्यांत प्रवाशांस बंद असतें, काळ्या मातींत गाडी रुतते, झडी लागली कीं चार चार दिवस उघडत नाहीं. आणि मुख्य म्हणजे पेरणी, डवरणी, निंदणी ह्यांत घराघरांतील माणूस गुंतलेलें असतें. पाऊस दहा दिवस लांबला कीं दुबार पेरणीची धास्ती. ज्या घराचें वर्ष आभाळाकडे लागलेलें आहे, त्या घरीं त्या दिवसांत पाहुणचार मागूं नये.

आश्विनांत नवरात्र. तेव्हां केळापुरास मोठी यात्रा भरते. विदर्भांतून व तेलंगणांतून लोक लोटतात. ज्यास उत्सव पाहावयाचा त्यानें त्याच दिवसांत यावें. पण म्हाताऱ्या माणसानें रांगेंत किती उभें राहावें? वहिनी म्हणाल्या, ‘‘नवरात्रांत देवी सगळ्या जगाची असते, दिवाळी झाली कीं ती पुन्हा आमच्या गांवची होते. आत्याबाईंना तेव्हां आणा.’’

कार्तिक ते माघ हा काल सर्वांसाठीं उत्तम : पहाटे शालीपुरती थंडी, दुपारीं सोसेल असें ऊन, विहिरींना पाणी आणि वेचणीच्या निमित्तानें घरांत पैसा. फाल्गुनांत पळस फुलतो, त्यासाठीं यावें. पण होळीनंतर म्हाताऱ्यांनीं व लहान मुलांनीं येऊं नये. वाघाचा ज्यांना ध्यास आहे अशा धडधाकट मंडळींनीं एप्रिल-मेमध्यें खुशाल यावें. मात्र दोघां-तिघांनीं यावें, पहांटे जंगलांत जावें व दहाच्या आंत छपराखालीं परतावें.

हें ऐकून मुलांपैकीं एकानें टिपेश्वरच्या त्या प्रसिद्ध वाघाची गोष्ट काढली. तेथें जन्मलेला, गळ्यांत रेडिओचा पट्टा बांधलेला एक तरुण वाघ इ. स. २०१९ च्या जूनमध्यें घर सोडून निघाला आणि तेराशेंहून अधिक किलोमीटर हिंडून डिसेंबरांत बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोहोंचला. दादा हंसून म्हणाले, ‘‘पाहा, तोसुद्धां मे महिन्यांत निघाला नाहीं !’’

त्याच वर्षीं कार्तिकी एकादशी झाल्यावर आम्ही चौघेंच पुन्हा गेलों : आत्याबाई, पुतण्या, सूनबाई व आम्ही. मुलांची शाळा बुडविली नाहीं. तीं घरीं राहिलीं. वाटेवर दोहों बाजूंस कपाशी फुटली होती, आणि ओच्यांत कापूस भरीत बायकांच्या रांगा पुढें सरकत होत्या. वेचणीच्या आरंभीं शेतांत दहीभाताचा नैवेद्य दाखवून ‘सीतादही’ करण्याची वऱ्हाडांत चाल आहे, ती आत्याबाईंनीं सूनबाईंस वाटेंत समजावून सांगितली. मे महिन्यांत त्याच रस्त्यावर त्या डोळे मिटून पडल्या होत्या.

देवळांत सकाळीं आठ वाजतां पोहोंचलों. दहा-बारा माणसांखेरीज कोणी नव्हतें. दगड गार होता. आत्याबाईंनीं ओटी भरली ती मे महिन्यांत परत आलेल्या त्याच खणाची. नारळ मात्र नवा. मग खांबाला टेकून त्या तासभर बसल्या. कोणी उठा म्हटलें नाहीं, कारण मागें रांग नव्हती. बाहेर आल्यावर एवढेंच म्हणाल्या, ‘‘आतां नीट भेट झाली.’’

घरीं विहिरीचें पाणी हातभर दोरानें लागत होतें. वहिनींच्या तुळशी नव्यानें लावलेल्या होत्या.

ह्या प्रकरणापासून आम्हीं एक नियम घरांत केला आहे, व तो वाचकांसहि सुचवावासा वाटतो. प्रवासाचा महिना ठरवितांना सुट्यांचा कागद शेवटीं पाहावा. आधीं, आपल्यांत सर्वांत अशक्त माणूस कोण, त्यास कोणता ऋतु मानवेल हें पाहावें. आणि मग जेथें जावयाचें तेथील माणसांस विचारावें कीं, आम्हीं केव्हां आलेलें तुम्हांस सोईचें? रोमच्या अनोळखी बाईस आपण हें विचारतों, कारण तेथें आपण परके आहों ह्याची आपणांस जाणीव असते. स्वतःच्या गांवीं ती जाणीव नसते, आणि तेथेंच चूक होते.

मे महिन्याच्या सुटीचें काय करावयाचें, हा प्रश्न राहिलाच. पुढल्या मेमध्यें आम्हीं दादा व वहिनी ह्यांनाच पुण्यास बोलावलें. तीं महिनाभर राहिलीं. येतांना वहिनींनीं घरची तुरीची डाळ आणली होती, आणि उतरल्या उतरल्या त्यांनीं नळ सोडून तळहातावर पाणी घेतलें व थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. आत्याबाईंनीं तें पाहिलें. त्या आंत गेल्या व वहिनींच्या स्नानाची बादली त्यांनीं स्वतः भरून ठेविली.