पडद्यामागचा प्रवास

मागच्या डिसेंबरमध्ये आम्ही दहा दिवस दुबईला मुलाकडे राहून आलो. अम्मा, मी, माझी पत्नी आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. परतीच्या आदल्या रात्री मुलाने सांगितलं, "पप्पा, दोन तिकिटं बिझनेस क्लासची करून घेतलीत. माझे विमानप्रवासाचे पॉइंट जमले होते. चारही जमली असती तर बरं झालं असतं, पण दोनच झाली. दादीच्या गुडघ्यांना आराम मिळेल."

दुसरी जागा कुणाची, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. अम्माला सोबत हवी, म्हणजे मुलगा सोबत बसणार, हे जणू ठरलेलंच होतं. पत्नीने माझं स्वेटर वरच्या पिशवीत काढून ठेवलं. मुलगी तेवढी म्हणाली, "अम्मीला का नाही बसवत?" त्यावर तिच्या आईनेच उत्तर दिलं, "मी मागे बरी आहे. मला काय होतंय?" विषय तिथेच संपला.

दुपारी चारच्या सुमाराला विमान सुटणार होतं. आम्हा दोघांना आधी आत घेतलं. सीट कसली, आमच्या गावच्या घरातली आरामखुर्ची तिच्यापुढे लहान पडावी. बटण दाबलं की पाय वर येतात, पाठ खाली जाते. एका मुलीने ट्रेमधून पेले आणले. अम्माने मला विचारलं, "यात काही तसलं नाही ना?" मी तिच्यासाठी संत्र्याचा रस घेतला. मग गरम ओला रुमाल आला. अम्माने हात पुसले, रुमालाची नीट घडी घातली आणि ती त्या मुलीला परत देताना म्हणाली, "अल्ला तुझं भलं करो." तिला मराठी येत नसावी, पण ती हसली.

मग बाकीचे प्रवासी आमच्या शेजारून मागे जाऊ लागले. बरेचसे कामगार होते. खांद्यावर कंपनीचं नाव छापलेल्या पिशव्या, हातात नवीन ब्लँकेटचे चौकोनी गठ्ठे. पाय लांब करून बसलेल्या मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच रांगेतून पत्नी आणि मुलगी गेल्या. मुलीने दादीच्या गालाला हात लावला. पत्नीने माझ्याकडे बघून मान हलवली, सगळं ठीक आहे अशी. नंतर पडदा ओढला गेला.

विमान उडालं आणि अम्मा खिडकीतून खाली पाहत म्हणाली, "तुझ्या बाबांना आगबोटीने यायला किती दिवस लागायचे, आठवतं?"

मला कसं आठवणार? बाबा 1969 मध्ये पहिल्यांदा दुबईला गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. संयुक्त अरब अमिरात हा देशच तेव्हा नव्हता, तो 2 डिसेंबर 1971 ला झाला. दाभोळच्या खाडीकाठचं आमचं गाव सोडून बाबा मुंबईला आले आणि तिथल्या गोदीतून 'द्वारका' नावाच्या बोटीत चढले. ब्रिटिश इंडिया कंपनीची ती बोट मुंबई आणि आखाती बंदरांमध्ये 1982 पर्यंत चालत होती. बाबांचं तिकीट डेकचं. डेकच्या तिकिटाला ना खोली, ना खाट. आपली वळकटी आपण न्यायची आणि जागा मिळेल तिथे पसरायची. अम्माने तांदळाच्या भाकऱ्या, सुकी मासळी आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं होतं. आज आम्ही जे 1,900 किलोमीटर तीन तासांच्या आत पार करत होतो, त्याला बाबांना मधली बंदरं घेत पाच-सहा दिवस लागत.

बाबा पोर्ट रशीदच्या बांधकामावर मजूर होते. ते बंदर 1972 मध्ये सुरू झालं. या वेळी मुलाने आम्हाला मुद्दाम तिथे नेलं. मालवाहतूक आता जेबेल अलीला गेली आहे आणि पोर्ट रशीदला 'क्वीन एलिझाबेथ 2' हे जुनं आलिशान जहाज कायमचं उभं आहे. 2018 पासून त्याचं हॉटेल झालंय. अम्मा त्या जहाजाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "द्वारका एवढी मोठी नसेल." मी म्हटलं, "नव्हती. खूप लहान होती." 828 मीटर उंच बुर्ज खलिफा पाहिला तेव्हा तिने एकदा मान वर करून "माशाअल्ला" म्हटलं होतं. इथे मात्र तिचा पाय निघेना.

विमानात जेवण आलं. पांढरं कापड अंथरलेलं टेबल, चिनीमातीच्या बशा, खजूर, मटण, केशरी भात, तीन तऱ्हेची मिठाई. अम्माने निम्मं खाल्लं आणि मिठाईकडे बघून म्हणाली, "ही मागे पोरीला देता येईल का?" मी म्हटलं, "अम्मा, तिथेही देतात." तिथे काय देतात, ते मी पाहिलं नव्हतं.

पूर्वेकडे जाणाऱ्या विमानात सूर्य लवकर बुडतो. मगरिबची वेळ झाली. अम्माने विमानतळावरच वुजू केलं होतं. गुडघ्यांमुळे ती घरीही खुर्चीवर बसूनच नमाज पढते. तिने विचारलं, "किब्ला कुठे आला?"

मी हिशोब केला. आपण पूर्वेला चाललोय, मक्का पश्चिमेला राहिली. म्हटलं, "मागे. पडद्याच्या बाजूला."

सीट रुंद होती. अम्मा हाताचा आधार घेत हळूहळू वळली, पाय वर घेतले आणि पडद्याकडे तोंड करून तिने नियत बांधली. सलाम फेरल्यावर दुआला उचललेले हात तिने बराच वेळ खाली घेतले नाहीत. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझे बाबा पत्रात काय लिहायचे माहीत आहे? डेकवर हवा छान लागते. दरवेळी तेच. कायमचे घरी आले तेव्हा एकदाच बोलले. लाटा वर यायच्या, वळकटी भिजायची, रात्रभर उभं राहावं लागायचं. मी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत? तर हसले."

थोडं थांबून ती म्हणाली, "पण मी तरी कुठे खोदून विचारलं? ड्राफ्ट वेळेवर येत होता. हवा छान लागते, हे खरं मानणं सोपं होतं."

मी काही बोललो नाही.

"जा, तिला पुढे पाठव," अम्मा म्हणाली. "मी बरी आहे असं म्हणेल. ऐकू नकोस."

हवाई सेविकेला विचारलं. तिने आत जाऊन कुणाशी तरी बोलून घेतलं आणि हो म्हणाली. मी पडदा सारून मागे गेलो. पत्नी तीन सीटच्या मधोमध आखडून बसली होती. मुलगी खिडकीशी झोपलेली आणि तिचं डोकं आईच्या खांद्यावर. मला पाहताच ती घाबरली, "अम्मांना काय झालं?"

"काही नाही. तू पुढे जा."

"मी बरी आहे इथे."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल आणि ऐकून किती वेळा निश्चिंत झालो असेन! माझी बी.एड.ची परीक्षा, बहिणींची लग्नं, मुलाच्या शिक्षणाचं कर्ज, प्रत्येक वेळी ती बरी होती. मी म्हटलं, "अम्माचा हुकूम आहे." तेव्हा ती उठली. उठताना कंबरेवर हात ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली. तिची कंबर दुखते हे मला माहीत होतं. पण गुडघ्यांचा विचार झाला तेव्हा कंबरेचा झाला नव्हता.

मी तिच्या जागी बसलो. शेजारी मंडणगडकडचा एक तरुण होता. शटरिंगचं काम करतो, दोन वर्षांनी घरी निघालेला. आठवीत शाळा सोडलेली. दहावी नसली की आखातात नोकरीला जाण्याआधी सरकारची वेगळी मंजुरी लागते. ती मिळवताना एजंटने किती घेतले, ते त्याने बोटांवर सांगितलं. जन्मभर मास्तरकी केलेल्या मला ते ऐकताना खाली बघावंसं वाटलं. "उन्हाळ्यात साडेबारा ते तीन बाहेरचं काम बंद असतं, तो कायदाच आहे," तो म्हणाला. "राहायचं म्हणाल तर घरी सांगितलंय, एसी रूम आहे. खोटं नाही, चाचा. एसी आहे. एका एसीखाली आठ जण आहोत."

मग त्याने विचारलं, "पुढे जेवायला काय देतात?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हेच रे. फक्त बशी चिनीमातीची."

तो मोठ्याने हसला. "मग एवढे पैसे बशीचे?"

मीही हसलो. त्याने माझं खोटं ओळखलं होतं. त्याचा तो रोजचाच सराव होता. मी मात्र पहिल्यांदाच उलट बाजूने बोललो होतो. मागे बसणारा पुढच्याला काळजी नको म्हणून खोटं बोलतो. मी माझी लाज झाकायला बोललो होतो.

मुंबईला पुढचे प्रवासी आधी उतरले. मी आणि मुलगी बाहेर आलो तेव्हा व्हीलचेअरवर अम्मा आणि तिच्या बाजूला पत्नी, दोघी वाट पाहत होत्या. मी विचारलं, "कशी होती सीट?" पत्नी जरा ओशाळून म्हणाली, "झोप लागली हो. मिठाई तेवढी पोरीसाठी आणलीय." तिने पर्समधून कागदी रुमालात गुंडाळलेला तुकडा काढला.

रात्री मुलाचा फोन आला. प्रवास कसा झाला, दादीला त्रास झाला नाही ना, सगळं विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की दहा दिवस आपली खोली आम्हाला देऊन तो हॉलमध्ये जमिनीवर झोपत होता. आणि ते पॉइंट जमले, ते कामासाठी महिन्या-महिन्याला कुठेकुठे केलेल्या रात्रीच्या प्रवासांतून. मी विचारलं, "तू कसा आहेस?"

"मी मस्त, पप्पा," तो म्हणाला.

एरवी मी इथे खुदा हाफिज म्हणतो. त्या रात्री मी फोन ठेवला नाही.