दहा मार्च की तीन ऑक्टोबर?

कुवैतमध्ये एका खासगी कंपनीच्या संगणक-विभागात मी बरीच वर्षे काढली. 'संगणकावर काम करतो' असे सांगितले की गावाकडील मंडळी आदराने पाहत. त्या कामाचा निम्मा वेळ तारखा नीट वाचण्यात जातो, हे त्यांना सांगावेसे मला कधी वाटले नाही. आज ते सांगावयाचे आहे, कारण त्यात माझी एक चूक आहे आणि ती दुसऱ्या एका माणसाला फार महागात पडली असती.

आमच्या गोदामावर म्हसळ्याकडचे एक वयस्क गृहस्थ स्टोअरकीपर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. आम्ही दोघेही कोकणातले, तेव्हा दुपारच्या चहाला मराठीतून चार शब्द होत. इ.स. २०११ च्या जून महिन्यात त्यांनी राजीनामा दिला. कुवैतच्या २०१० च्या कामगार कायद्यानुसार मासिक पगारदाराला सेवासमाप्तीच्या वेळी पहिल्या पाच वर्षांबद्दल दर वर्षी पंधरा दिवसांचे आणि पुढील प्रत्येक वर्षाबद्दल एक महिन्याचे वेतन मिळते. परंतु स्वतः राजीनामा दिला तर पाच ते दहा वर्षांच्या सेवेला त्या रकमेचे दोन तृतीयांशच हाती येतात. पूर्ण रक्कम हवी, तर दहा वर्षे भरलेली असावी लागतात. चाचांचा हिशेब प्रोग्रॅमने काढला तो नऊ वर्षे आणि जवळजवळ नऊ महिन्यांचा. एक तृतीयांश रक्कम गेली!

हिशेबाचा कागद हातात घेऊन चाचा माझ्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "भाऊ, दहा वर्षे माझी केव्हाच भरली. बकरी ईद घरी केली, दोन दिवसांनी मुंबईहून विमानात बसलो आणि शनिवारी सकाळी गोदामाची किल्ली हातात घेतली. तुमचे हे यंत्र म्हणते ऑक्टोबर. त्या साली ऑक्टोबरात बकरी ईद होती काय?"

पडद्यावर त्यांच्या रुजू होण्याची तारीख ३ ऑक्टोबर २००१ अशी स्वच्छ दिसत होती. मी कॅलेंडर काढून पाहिले. ३ ऑक्टोबर २००१ हा बुधवार. दिवस आणि महिना यांची अदलाबदल केली की येतो १० मार्च २००१, आणि तो शनिवार. बकरी ईदही त्या वर्षी मार्चच्या पहिल्याच आठवड्यात आली होती. माझ्या कपाळाला घाम आला, कारण चूक कोठे झाली असावी हे मला त्याच क्षणी कळले.

(शनिवारी कामाला लागणे वाचकांना खटकेल, म्हणून एक खुलासा. २००७ पर्यंत कुवैतमध्ये शासकीय साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे आणि शनिवार हा आठवड्याच्या कामाचा पहिला दिवस. त्या वर्षाच्या सप्टेंबरपासून ती शुक्रवार-शनिवार झाली. ज्यांच्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्या वंशजाने इतकी वर्षे शनिवारी सकाळी संगणक सुरू करावा, ही गोष्ट मला शेवटपर्यंत अंगवळणी पडली नाही.)

चूक अशी होती. आमच्या जुन्या नोंदी 'डीबेस' या पद्धतीत होत्या. ती पद्धत तारीख आठ अंकांत साठवीत असे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. चाचांची तारीख तेथे २००१०३१० अशी निःसंदिग्ध होती. २००४ साली या नोंदी नव्या डेटाबेसमध्ये न्यावयाच्या होत्या. मी त्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरविल्या आणि वाचायला सोयीचे म्हणून आपल्या सवयीप्रमाणे १०/०३/२००१ असे लिहविले. आपण आणि कुवैती, दोघांनीही इंग्रजांच्या सहवासात दिवस आधी लिहावयाची रीत उचलली आहे. नवा सर्व्हर मात्र मूळच्या अमेरिकन मांडणीवर चालत होता. अमेरिकेत महिना आधी येतो. सर्व्हरने विनातक्रार वाचले: दहावा महिना, तिसरा दिवस.

पंचवीस मार्चची तारीख आली असती तर सर्व्हर अडला असता, कारण पंचविसावा महिना नसतो. तसा तो अडतही होता. मी काय केले? त्या ठिकाणी दोन ओळी लिहिल्या: वाचता आले नाही तर क्रम उलटा करून वाच. तक्रारी थांबल्या. काम वेळेत झाल्याबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि मीही ती थोपटून घेतली! प्रत्यक्षात यंत्राने दिलेली धोक्याची सूचना मी स्वतःच्या हाताने बंद केली होती. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस असे आहेत की त्यांचा दिवस आणि महिना उलटला तरी दुसरी एक खरी तारीखच तयार होते. त्या सर्व नोंदी सात वर्षे उलट्या पडून होत्या, आणि त्यांच्याकडे पाहून कोणालाही काही खोट दिसली नसती.

जन्मतारखा मी दोन दिवसांत शोधून सुधारल्या, याचे श्रेय कुवैतच्या नागरी ओळखपत्राला. त्या बारा अंकी क्रमांकातला पहिला अंक शतक सांगतो (विसाव्याला २, एकविसाव्याला ३) आणि पुढील सहा अंक जन्माचे वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने असतात. त्याच्याशी ताडून यंत्रानेच चुका दाखविल्या. रुजू होण्याच्या तारखांना असा साक्षीदार नव्हता. नेमणूकपत्रांवरही १०/०३/२००१ असेच अंक! शेवटी तळघरातून जुनी पगारपत्रके काढली. मार्च २००१ च्या पत्रकात चाचांचे नाव होते, बावीस दिवसांच्या पगारासह. दहा ते एकतीस मार्च, बरोबर बावीस दिवस. पुढले तीन आठवडे संध्याकाळी थांबून मी एकेक पत्रक ताडले. चाचांना पूर्ण रक्कम मिळाली. त्यांच्या आधी नोकरी सोडून गेलेल्यांपैकी दोघांचे पैसे मागाहून पाठवावे लागले. त्यांच्यातला एक तोवर हयात नव्हता. ते पैसे त्याच्या पत्नीच्या नावाने गेले.

त्यानंतर तारीख मजकूर म्हणून डेटाबेसकडे पाठवावयाची नाही, तारीख म्हणूनच सुपूर्द करावयाची, हा नियम मी पाळला. लिहावीच लागली तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. आंतरराष्ट्रीय मानकाने १९८८ मध्ये हाच क्रम ठरवून दिला आहे. तरीही पुढे एकदा ठेच लागलीच. परदेशातील सर्व्हरवर काही नोंदींच्या तारखा एक दिवस मागे सरकल्या. मी तारखेबरोबर मध्यरात्रीची वेळही साठवली होती. कुवैतची वेळ ग्रिनिचच्या तीन तास पुढे, त्यामुळे आमची मध्यरात्र तेथे आदल्या दिवशीच्या रात्री नऊची ठरली. रुजू होण्याच्या दिवसाला वेळ नसतेच, आणि मी ती उगाच चिकटवली होती.

दिवस केव्हा सुरू होतो, हा प्रश्न आपल्याला तरी नवा नसावा. आपला शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला लागतो. अरब शेजाऱ्यांचा हिजरी दिवसही सूर्यास्तालाच पालटतो. आमच्या गावचे हिंदू शेजारी सूर्योदयाची तिथी धरीत. माझे वडील अलिबागेस वारले ते दिवेलागणीनंतर. मृत्यूच्या दाखल्यावर त्या दिवसाची इंग्रजी तारीख आहे, आणि हिब्रू तिथी मात्र दुसऱ्या दिवसाची. निवृत्त होऊन परतल्यावर आमच्या सिनेगॉगसाठी मी दिवंगतांच्या स्मरणदिनांची यादी संगणकावर उतरविली, तेव्हा प्रथम स्वतःच्याच घरची नोंद तपासली. ती एक दिवस आधीची निघाली. कित्येक वर्षे आम्ही काद्दिश आदल्या दिवशी म्हणत आलो होतो. आईला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मी म्हणत होते ना, तेव्हा दिवा लावून झाला होता."

आता त्या यादीत तारखेशेजारी आणखी एक रकाना आहे: सूर्यास्तापूर्वी की नंतर. पुष्कळ घरांचा तो रकाना अजून रिकामा आहे. ज्यांच्या घरी ते सांगू शकणारी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी त्यांना विचारून कळवावे, आणि कळविताना महिना कृपया अक्षरांत लिहावा.