उत्तरभाग

आपल्याकडे व्रताची कहाणी वाचून झाली की ती सुफळ संपूर्ण झाली असे म्हणावयाचे, हातातल्या अक्षता देवाला वाहावयाच्या आणि उठावयाचे, अशी रीत आहे. दरिद्री ब्राह्मणाला वाडा मिळाला, वनवासी राणी पुन्हा नांदावयास आली, एवढे ऐकून बायका समाधानाने प्रसादाकडे वळतात. त्या वाड्याची पुढे डागडुजी कोणी केली, राणीचे सवतीशी पटले की नाही, असा प्रश्न कोणी काढीत नाही. कोकणीत जिला काणी म्हणतात तिचेही बहुधा तसेच. प्रश्न काढतात ती मुले. ‘मग पुढे?’ या दोन शब्दांवर एक भला मोठा व्यापार उभा राहू शकतो, हे आपल्या पूर्वजांच्या ध्यानात आले नाही. ते अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीच्या ध्यानात आले. १९९४ पासून पुढली बारा-चौदा वर्षे तिने आपल्या गाजलेल्या परीकथापटांचे उत्तरभाग काढले, आणि त्यांतले बहुतेक चित्रगृहांच्या वाटेला न जाता थेट घरी पाहण्याच्या फिती व तबकड्या म्हणून विकले.

हे उत्तरभाग घ्यावेत काय, असे मला अधूनमधून विचारले जाते. कारण उघड आहे. मुलांसाठी म्हणून सुरू केलेला आणि मुले मोठी झाल्यावरही न सुटलेला तबकड्यांचा संग्रह माझ्या कपाटात आहे, हे आप्तेष्टांत सर्वश्रुत आहे. आता तबकडी लावण्याचे यंत्रच पुष्कळ घरांतून हद्दपार झाले, आणि महिन्याची वर्गणी भरली की चांगले-वाईट सर्व चित्रपट एकाच पंक्तीला येऊन बसतात. तरी प्रश्न शिल्लक राहतोच. पूर्वी पैसे जात, आता मुलाच्या सुटीची दुपार जाते. आणि दुपार पैशापेक्षा स्वस्त आहे असे मला वाटत नाही.

उत्तर देण्यापूर्वी मी कोठून बोलतो ते सांगितले पाहिजे, कारण त्याचा या विषयाशी संबंध आहे. मी राहतो बालाघाटास. महाराष्ट्रातील वाचकांना या नावाने बीड-धाराशिवकडील डोंगररांग आठवते. आमचे गाव ते नव्हे. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. कालपर्यंतची राजधानी नागपूर एका रात्रीत परराज्यातली झाली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि आसपासच्या खेड्यांतून पोवारी, असा आमचा संसार आहे. गावाच्या कडेने वैनगंगा वाहते. ती उगम पावते शेजारच्या सिवनी जिल्ह्यात. आणि सिवनीचे डोंगर व वैनगंगेचे पाणी म्हणजे मोगलीचा मुलूख.

रुडयार्ड किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईचा. ‘जंगल बुक’ त्याने लिहिले ते मात्र अमेरिकेतील व्हर्मॉन्टच्या थंडीत बसून. सिवनीचे रान त्याने उचलले ते बरेचसे स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सातपुड्यातील शिकारीच्या पुस्तकावरून. पहिले पुस्तक आले १८९४ मध्ये आणि ‘सेकंड जंगल बुक’ १८९५ मध्ये. म्हणजे उत्तरभागाची प्रथा डिस्नेने काढली असे नाही, ती खुद्द मोगलीच्या जन्मदात्याने पुढल्याच वर्षी पाळली. मौज अशी की मोगलीच्या गोष्टींपैकी थोर म्हणाव्या अशा काही या दुसऱ्या पुस्तकातच आहेत. रानकुत्र्यांच्या टोळधाडीची गोष्ट त्यातलीच. ती कुत्री दक्खनहून येतात, म्हणजे आमच्या नातेवाइकांच्याच बाजूने, हे वाचून मला दरवेळी हसू येते. तेव्हा उत्तरभाग म्हणजे मूळ कथेची उत्तरक्रिया, अशी जी सरसकट कोटी केली जाते ती मला मान्य नाही.

डिस्नेच्या कारखान्याचे गणित समजून घेतले म्हणजे पुष्कळ उलगडा होतो. १९९२ च्या ‘अल्लादीन’ चित्रपटाचा पुढचा भाग, ‘जाफर परतला’ असे ज्याचे नाव मराठीत होईल, तो १९९४ मध्ये थेट फितीवर आला. तो केला कंपनीच्या दूरचित्रवाणी विभागाने, मूळ चित्रपटाच्या तुलनेने अगदी थोड्या खर्चात; आणि त्याच्या प्रती एक कोटीहून अधिक खपल्या. पुढे सिडनी आणि टोकियो येथील चित्रशाळांतून असे भाग बाहेर पडू लागले. चित्रपटात एका सेकंदाला चोवीस चौकटी पडद्यावरून सरकतात. मूळ चित्रांत महत्त्वाच्या हालचालींसाठी एकेका चौकटीकरिता नवे रेखाटन केलेले असते. खर्च वाचवावयाचा तर तेच रेखाटन दोन-तीन चौकटी धरून ठेवावयाचे, मागचा देखावा साधा करावयाचा, गर्दीतली माणसे निश्चल उभी करावयाची. हे तंत्र मुलांना समजावून सांगावे लागत नाही. सिंड्रेलाचा घागरा पूर्वीसारखा फिरत नाही, हे पाच वर्षांची मुलगी सांगते. जिनीचा आवाज पहिल्या चित्रपटात रॉबिन विल्यम्सचा होता, दुसऱ्यात तो नव्हता. तेव्हा आमच्या घरातला एक चिमुकला समीक्षक ‘हा तो जिनी नाही, याचा भाऊ असेल’ असे म्हणून मोकळा झाला. १९९६ च्या तिसऱ्या भागात विल्यम्स परत आला.

या सर्वांत मला सर्वांत नापसंत असेल तर २००२ चा सिंड्रेलाचा दुसरा भाग. राजवाड्यात गेल्यानंतर तिने मेजवानी कशी दिली वगैरे तीन सुट्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. कहाणीनंतर राणीच्या स्वयंपाकघराची यादी वाचावी तसे ते वाटते. उलट २००७ चा तिसरा भाग मी आवर्जून घ्या म्हणून सांगेन. त्यात सावत्र आईच्या हाती परीची छडी लागते, ती काळ मागे फिरविते, आणि बूट सिंड्रेलाच्या पायाऐवजी सावत्र बहिणीच्या पायात बसतो. आता जादू विरुद्ध पक्षाकडे गेल्यामुळे या मुलीला प्रथमच स्वतःच्या हिमतीवर काही करावे लागते. आणि ती सावत्र बहीण, जिच्याकडे मूळ कथेने केवळ हसण्यासाठी पाहिले, तिला मन असल्याचे आढळून येते. मूळ कथेत न विचारलेला प्रश्न येथे विचारला आहे. २००४ मध्ये आलेला सिंहराजाचा ‘दीडावा’ भागही असाच मिश्किल आहे; तीच कथा त्यात रानडुक्कर आणि त्याचा चिमुकला सोबती आपल्या बाजूने सांगतात. ‘बाम्बी’ या १९४२ च्या चित्रपटाचा जोडभाग चौसष्ट वर्षांनी, २००६ मध्ये निघाला. आई गेल्यानंतर पाडसाला वाढविण्याची पाळी अबोल बापावर येते, एवढाच त्याचा विषय. मूळ चित्रपट आईच्या मृत्यूनंतर थेट वसंत ऋतूत उडी मारतो. मधला हिवाळा या भागाने भरून काढला. पोरक्या मुलांच्या घरी तो कसा पाहिला जात असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. बाकीच्यांविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही. २००६ मध्ये पिक्सार ही चित्रसंस्था डिस्नेने विकत घेतली, तिच्या चालकांच्या हाती डिस्नेचा चित्रविभाग आला, आणि पुढल्याच वर्षी हे उत्तरभाग थांबविण्याचे ठरले. हाती असलेली जलपरीची पूर्वकथा तेवढी २००८ मध्ये बाहेर पडली.

आता मोगलीकडे येतो. १९६७ चा मूळ चित्रपट म्हणजे वॉल्ट डिस्नेने स्वतः लक्ष घातलेला अखेरचा कार्टूनपट; तो पूर्ण होण्याआधी, डिसेंबर १९६६ मध्ये, तो वारला. किपलिंगचा गंभीर, छडी मारून शिकविणारा अस्वलगुरू त्यात आळशी गवयी झाला आहे, आणि मोगलीचा मित्र असलेला अजगर खलनायक. माकडांचा राजा म्हणून त्यांनी ओरांगउटान आणून बसविला आहे, जो सिवनीत काय, भारतातल्या कोणत्याच रानात नाही. तरीही चित्रपट गोड आहे, कारण त्याला स्वतःचा ताल आहे. आमच्या भागातल्या एका पिढीचा मोगली मात्र हा नव्हेच. १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर जी जपानी मालिका हिंदीत आली, जिचे शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, विशाल भारद्वाजांनी ज्याला चाल दिली आणि जिच्यात शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता, तो आमच्या घरचा मोगली.

डिस्नेने दुसरा भाग २००३ मध्ये काढला. हा आधी चित्रगृहांत आला आणि मग तबकडीवर. पण घडण त्याच कारखान्याची. मोगली माणसांच्या गावात राहतो आहे. शांती नावाची ती पाणी भरणारी मुलगी आहे, रंजन नावाचा धाकटा भाऊ आहे, प्रेमळ आईबाप आहेत. आणि नदी ओलांडावयाची नाही अशी सक्त ताकीद आहे. त्याला रानाची ओढ लागते. भालू रात्री येतो, त्याला घेऊन जातो, शेरखान मागावर असतोच. पहिल्या भागातले गाजलेले गाणे इतक्यांदा परत येते की लग्नातल्या बँडची आठवण व्हावी. शेवटची झुंज एका पडक्या देवळात उकळत्या लाव्ह्यावर होते. सिवनीच्या पठाराचा दगड लाव्ह्याचाच खरा, परंतु तो निवून साडेसहा कोटी वर्षे झाली आहेत! चित्र म्हणून पाहाल तर हा भाग सामान्य आहे, आणि आजही माझे मत तेच आहे.

तरीही तो मी नागपूरहून मुद्दाम विकत आणला, ते असे. २०१० च्या जून महिन्यात माझ्या मुलाची बदली पुण्यास झाली आणि आठ वर्षांची नात बालाघाट सोडून गेली. तिकडच्या शाळेत मुले तिच्या मराठीला हसत, कारण तिच्या बोलण्यात ‘काऊन’ येई आणि मधूनच हिंदी शब्द येत. ती घरी बोलेनाशी झाली. सूनबाईंनी फोनवर सांगितले, “बाबा, ती जेवताना खिडकीकडे तोंड करून बसते. नदी कुठल्या बाजूला आहे, असं विचारते.” दिवाळीस मी गेलो तो तबकडी घेऊन गेलो. पहिला भाग तिच्याकडे होता. पण त्याचा शेवट असा की मोगली नदीवरून गावात जातो आणि एकदा वळून पाहतो, बस. त्यानंतर त्याला गावात करमले की नाही, हे डिस्नेने १९६७ मध्ये सांगितले नव्हते, आणि माझ्या नातीला नेमके तेवढेच विचारावयाचे होते.

त्या सुटीत तिने तो भाग रोज पाहिला. लाव्ह्याच्या वेळी ती उठून पाणी प्यावयास जाई. ती बसे ती सुरुवातीच्या प्रसंगासाठी, जेथे मोगली भिंतीवर सावल्यांचा खेळ करून शांतीला आणि रंजनला आपल्या रानाची गोष्ट सांगतो. चौथ्या दिवशी तिने दिवा मालवून, मोबाइलच्या उजेडात, शेजारच्या दोन मुलींना भिंतीवर वैनगंगा दाखविली. ‘काऊन’ त्यातही होते, आणि कोणी हसले नाही.

चित्रपटाच्या शेवटी मोगली गावातच राहतो, पण दिवसा मुलांना घेऊन रानात भालूला भेटावयास जातो. दोन्ही घरे, दोन्ही माणसे, काही सोडावे लागत नाही. हे मला पटत नाही. किपलिंगने ‘सेकंड जंगल बुक’च्या अखेरच्या कथेत निराळे लिहिले आहे. वसंत येतो, सतरा वर्षांचा मोगली कारण न कळता सैरभैर होतो, आणि निरोप घ्यावयास येतो तेव्हा म्हातारा भालू डोळ्यांनी अधू झालेला असतो. अकेला तर आधीच्याच कथेत गेला. परत येणे आता सोपे राहिलेले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. ती कथा मी आठव्या वर्षी तिला वाचून दाखविली नाही. त्या वयात तिला मे महिन्याच्या सुटीचे वचन हवे होते, ते त्या सामान्य चित्रपटाने दिले, आणि पुढली सहा वर्षे गोंदियास गाडीवर जाऊन आम्ही ते पाळले.

किपलिंग तिने स्वतःच वाचला, २०१८ मध्ये, सोळाव्या वर्षी, आमच्या ओसरीवर. पुस्तक मिटून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजोबा, आजीच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी आहे? मी थांबते तोवर.”

तेव्हा विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की, उत्तरभाग मुलाच्या हाती देण्याआधी आपण एकट्याने पाहावा, आणि आपल्या घरातील मूल सध्या ‘मग पुढे?’ म्हणून नेमके काय विचारते आहे, ते ऐकून घ्यावे. सिंड्रेलाचा तिसरा आणि बाम्बीचा जोडभाग मी कोणालाही सांगेन. मोगलीचा दुसरा भाग गाव सोडून आलेल्या मुलासाठी घ्यावा, इतरांनी पहिल्यावर भागवावे. अल्लादीनचे दोन्ही भाग उसने मिळाले तर पाहावे. सिंड्रेलाचा दुसरा भाग माझ्याकडे दोन प्रतींत आहे, दोन्ही भेटीदाखल आलेल्या, आणि त्यांतली एक अद्याप पाकिटातून बाहेर निघालेली नाही. कोणा वाचकास हवी असल्यास संपादकांमार्फत कळवावे. टपालखर्च मी सोशीन.